नागपाड्यातून निघालेला अभ्यासक्रम
(डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांचे जीवन व कार्य)

तेरेखोल हे गाव पेडणे तालुक्यातले, म्हणजे गोव्यातले. पण ते वसले आहे नदीच्या उत्तर तीरावर. केरीहून तेथे जायचे तर फेरीबोट धरावी लागते, आणि खुष्कीने जायचे तर महाराष्ट्राच्या हद्दीतून वळसा घ्यावा लागतो. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला व १७४६ साली पोर्तुगिजांच्या हाती गेलेला तेथील किल्ला पाहण्यास पुष्कळ लोक येतात. परंतु समाजकार्याचा विद्यार्थी तेथे आला तर त्याने काय पाहावे? रात्री माणूस आजारी पडला तर त्याला कोठे नेतात? मुले शिकायला कोणत्या तीरावर जातात? जमीन कोणाची आणि ती कसतो कोण? हे प्रश्न त्याला पडले पाहिजेत.

आपल्या मंडळ्यांतील काही मुलेमुली आता समाजकार्याची पदवी घेऊ लागली आहेत. त्यांना प्रत्यक्ष कामाचा आराखडा लिहावा लागतो, आणि त्यांच्या शिक्षकांना तर तीन-चार वर्षांचा सगळा अभ्यासक्रम बेतावा लागतो. पुष्कळदा असे होते की, आराखडा आधी लिहिला जातो आणि गाव मागाहून पाहिले जाते. म्हणून ज्या गृहस्थाने या देशात या शिक्षणाचा पाया घातला, त्याने हे काम कोणत्या क्रमाने केले ते सांगावे असे आम्हांस वाटते.

डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांचा जन्म १८९७ साली अमेरिकेत झाला. त्यांचे उच्च शिक्षण शिकागो येथे झाले. त्याच शहरात जेन अ‍ॅडम्स या बाईंनी १८८९ साली हल हाउस ही संस्था काढली होती. गरिबांना दुरून दान धाडण्यापेक्षा त्यांच्या वस्तीत जाऊन शेजारी म्हणून राहावे, हा त्या चळवळीचा गाभा होता. लंडनमध्ये १८८४ साली टॉयन्बी हॉल निघाला तो याच विचाराने.

१९२५ साली मॅनशार्ट अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी मुंबईस आले. पुढच्याच वर्षी मिशनने शहरातील दाट वस्तीत काम करण्याचे ठरविले, आणि नागपाडा नेबरहुड हाउसची जबाबदारी त्यांच्यावर आली. भायखळ्याजवळचा हा भाग म्हणजे मुसलमान, हिंदू, यहुदी, ख्रिस्ती अशा नाना लोकांची गर्दी. गिरण्यांचे व गोदीचे कामगार, कोंदट चाळी, कर्ज आणि दारू हे तेथले रोजचे जीवन. तेथे वर्ग चालू झाले, खेळ चालू झाले, आरोग्याचे काम चालू झाले. दार सर्वांना उघडे होते.

या ठिकाणी एक कठीण प्रश्न उभा राहिला, आणि तो आपण मंडळीने आजही टाळू नये. मिशनच्या पैशाने चालणाऱ्या घरात सेवा ही धर्मांतराचे साधन असावी काय? मॅनशार्ट यांचे मत स्पष्ट होते. सेवेला आमिष बनविले की ती सेवा राहत नाही, आणि शेजाऱ्याचा विश्वासही उडतो. सर्व मिशनरींना हे पटण्यासारखे नव्हते. पण १९२९ व १९३२ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचे भयंकर दंगे झाले. अशा शहरात दोन्ही समाज ज्या घरात निःशंकपणे पाऊल टाकतील, असे घर असणे किती मोलाचे होते हे सांगावयास नको. याच विषयावर पुढे १९३६ साली त्यांनी एक ग्रंथ प्रसिद्ध केला.

काम करताना त्यांच्या ध्यानात आले की, दयाळू माणसे पुष्कळ आहेत, पण शिकलेले कार्यकर्ते नाहीत. १९३२ साली सर दोराबजी टाटा यांनी आपली संपत्ती एका विश्वस्त निधीला दिली व त्याच वर्षी ते वारले. या निधीचा विनियोग कसा करावा यासंबंधी विश्वस्तांनी मॅनशार्ट यांचा सल्ला घेतला. तेव्हा त्यांनी कार्यकर्ते तयार करणारी शाळा काढावी असे सुचविले. १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, तेही नागपाड्याच्या त्याच घरात. पहिल्या तुकडीत अवघे वीस विद्यार्थी होते आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता.

क्रम लक्षात घ्यावा. दहा वर्षे वस्तीत, आणि मग अभ्यासक्रम! वर्गात शिकावे आणि त्याच काळात प्रत्यक्ष कामही करावे, अशी त्याची घडण होती. १९३७ साली मुलांच्या मानसिक अडचणींसाठी शाळेने मार्गदर्शन केंद्र काढले. त्यामुळे पालकांना मदत मिळू लागली आणि विद्यार्थ्यांनाही शिकण्याचे ठिकाण मिळाले. १९३७ साली हिंदी बालकांवर व १९३९ साली बालगुन्हेगारीवर पुस्तके निघाली, १९४० साली एक नियतकालिकही निघाले. कारण या देशाचे वाचन-साहित्य हाताशी नव्हते, ते तयार करावे लागले.

१९४१ साली मॅनशार्ट मायदेशी परतले. त्यांच्यामागून डॉ. जे. एम. कुमारप्पा यांनी शाळा सांभाळली. १९४४ साली तिला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळाले, आणि १९६४ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढे ठिकठिकाणी समाजकार्याची महाविद्यालये निघाली व पदवीचे शिक्षणही सुरू झाले.

आता दोषही सांगितला पाहिजे. हे शिक्षण इंग्रजीत होते, त्याच्यावर अमेरिकन विचारांची छाप होती, आणि त्याची नजर शहरावर होती. हा आक्षेप या क्षेत्रातील जाणत्यांनीच वेळोवेळी घेतला आहे, आणि तो खोटा नाही. नागपाड्याच्या चाळीसाठी बेतलेला अंगरखा खेड्याला कसा बसावा? आमच्या मते मॅनशार्ट यांच्यामागून येणाऱ्या पुष्कळांनी त्यांचा कागद उचलला, त्यांची रीत मात्र उचलली नाही. विषयांची यादी एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत सहज नेता येते. शेजारात काढलेली दहा वर्षे अशी नेता येत नाहीत.

मॅनशार्ट यांना जाऊन आता बराच काळ लोटला. तेरेखोलला ते कधी आले होते किंवा कसे, याला महत्त्व नाही. त्यांची रीत तेथे आली म्हणजे पुरे. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या गुरुजनांना आमची विनंती आहे की, आराखड्याचा कोरा कागद काही दिवस कोराच राहू द्यावा. आधी केरीच्या धक्क्यावर उभे राहावे, लोकांबरोबर फेरीबोटीत बसावे, पलीकडे त्यांच्या ओसरीवर टेकावे, त्यांचे ऐकावे. मग लेखणी हाती घ्यावी. शेजारी कोण, हा प्रश्न आपल्या प्रभूलाही एकाने विचारला होता. त्याचे उत्तर वाटेवर पडलेल्या जखमी माणसापाशी थांबणाऱ्याच्या गोष्टीतून मिळाले, हे आपण विसरू नये.