शिवा काशीद

शिवा काशीद (मृत्यू : जुलै १६६०) हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या सेवेतील वीर होते. पन्हाळगडाच्या वेढ्यातून महाराज निसटावेत म्हणून त्यांनी महाराजांचे रूप घेतले आणि शत्रूच्या छावणीत प्राण दिले. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याच्या पायथ्याशी वसलेले नेबापूर हे त्यांचे गाव. कोडोलीसह सर्व पन्हाळा तालुक्यात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

व्यवसाय

शिवा काशीद नाभिक समाजातील होते. गावगाड्यात नाभिक हा बलुतेदार. वर्षभराच्या कामाचा मोबदला त्याला सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे. धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, आरसा आणि धार लावण्याचे साहित्य असे. साबणाचा प्रसार होण्यापूर्वी दाढी पाण्याने भिजवून बोटांनी चोळून मऊ केली जाई. मग एका हाताने त्वचा ताणून केसांच्या वाढीच्या दिशेने वस्तरा फिरवायचा, हनुवटीच्या वळणावर हात हलका ठेवायचा. बारीक जखम झाल्यास तुरटी फिरवली की रक्त थांबे. मिशांचे वळण, कल्ल्यांची लांबी, दाढीचे टोक यांवर माणसाची ओळख किती अवलंबून असते, हे या कारागिराइतके क्वचितच कोणी जाणत असेल. शिवाजी महाराजांच्या उपलब्ध चित्रांत त्यांची निमुळती दाढी ठळकपणे दिसते. शिवा काशीद यांचा चेहरा व बांधा महाराजांशी मिळताजुळता होता, असे परंपरा सांगते. परंतु नुसते साम्य पुरेसे नव्हते, दाढी-मिशाही तशाच राखाव्या लागणार होत्या.

पन्हाळ्याचा वेढा

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. त्या प्रसंगी महाराजांचे रक्षण करणारे जिवा महाला हेही नाभिक समाजातीलच होत. त्याच महिन्याच्या अखेरीस पन्हाळा स्वराज्यात आला. तो परत घेण्यासाठी आदिलशाहीने सिद्दी जौहरला पाठविले व मार्च १६६० पासून गडाला वेढा पडला. अफझलखानाचा मुलगा फाजलखान त्याच्यासोबत होता. राजापूरच्या इंग्रजांनीही तोफांची मदत केली. पावसाळा आला तरी वेढा ढिला पडेना, तेव्हा शरणागतीची बोलणी लावून महाराजांनी निसटण्याचा बेत आखला.

बलिदान

१२ जुलै १६६० च्या रात्री भर पावसात गडावरून दोन पालख्या निघाल्या. एकीत महाराज होते व त्यांच्यासोबत बाजीप्रभू देशपांडे आणि सुमारे ६०० मावळे. ही पालखी मसाई पठारावरून विशाळगडाकडे वळली. दुसरीत महाराजांच्या वेशातील शिवा काशीद होते. पाठलाग सुरू झाला तेव्हा ही दुसरी पालखी शत्रूच्या हाती लागली आणि खुद्द शिवाजीच सापडला, अशा समजुतीने ती जौहरपुढे नेण्यात आली. थोड्याच वेळात खरी ओळख उघड झाली. परंपरेनुसार, मृत्यू समोर असतानाही त्यांनी भीती दाखविली नाही. त्यांना तेथेच ठार करण्यात आले.

या फसगतीत गेलेला वेळ मोलाचा ठरला. सिद्दी मसूद पुन्हा पाठलागावर निघाला, तोवर महाराज बरेच अंतर कापून गेले होते. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभूंनी शत्रूला रोखून धरले व ते धारातीर्थी पडले. ती खिंड पुढे पावनखिंड या नावाने प्रसिद्ध झाली. महाराज विशाळगडी सुखरूप पोहोचले. पन्हाळा मात्र त्याच वर्षी तहात सोडावा लागला आणि १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी तो पुन्हा जिंकला.

बाजीप्रभूंच्या पराक्रमावर काव्ये व नाटके लिहिली गेली. त्या मानाने शिवा काशीद यांच्याकडे साहित्यिकांचे लक्ष उशिरा गेले. वस्तुतः खिंडीतील झुंज शक्य झाली ती आधी मिळालेल्या अवधीमुळेच.

स्मारक

पन्हाळा–नेबापूर परिसरात शिवा काशीद यांची समाधी असून त्यांचा पुतळाही उभारण्यात आला आहे. दरवर्षी जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड या वाटेने पदभ्रमण मोहिमा निघतात, तेव्हा अनेक पथके प्रथम येथे अभिवादन करतात.