उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

सर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी (१९ डिसेंबर १८७३ – ६ फेब्रुवारी १९४६) हे बंगालमधील ख्यातनाम चिकित्सक व वैद्यकीय संशोधक होते. काळा आजार या दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या ज्वरावरील यूरिया स्टिबामिन या औषधाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

त्यांचे वडील नीलमणी ब्रह्मचारी रेल्वेत डॉक्टर होते, त्यामुळे उपेंद्रनाथांचे शालेय शिक्षण जमालपूर येथे झाले. हुगळी महाविद्यालयातून १८९३ साली पदवी घेतल्यावर त्यांनी रसायनशास्त्र व वैद्यक या दोन्ही विषयांचा अभ्यास केला. १९०२ मध्ये त्यांना कलकत्ता विद्यापीठाची एम.डी. आणि १९०४ मध्ये रक्तविलयनावरील प्रबंधासाठी पीएच.डी. मिळाली. ढाका येथे काही वर्षे अध्यापन करून १९०५ मध्ये ते कलकत्त्याच्या कॅम्पबेल वैद्यकीय शाळेत रुजू झाले. तेथे त्यांनी सुमारे १८ वर्षे काम केले.

ज्वराच्या निदानाचा प्रश्न

बंगाल व आसामात तेव्हा महिनोन्‌महिने न उतरणाऱ्या तापाने गावेच्या गावे ओस पडत असत. रुग्णाची पाणथरी वाढे, रक्त कमी होई, अंग काळवंडे आणि उपचाराविना तो बहुधा दगावे. हा ताप हिवताप समजून क्विनाईन दिले जाई, पण त्याचा उपयोग होत नसे. आसामातील साथीचा अभ्यास करताना जाइल्स यांनी तिचे कारण अंकुशकृमी मानले, तर रॉजर्स यांनी तिला हिवतापाचेच उग्र रूप ठरविले. १९०३ मध्ये लीशमन व डोनोव्हन यांनी या रोगाचे परजीवी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केल्यावर हा घोळ मिटला.

तरीही खाटेवरच्या रुग्णाचे निदान सोपे झाले नाही. ताप दिवसातून दोनदा चढणे, तो भरपूर असूनही जीभ स्वच्छ व भूक शाबूत राहणे, रक्तातील पांढऱ्या पेशी घटणे या खुणांवरून विषमज्वर वेगळा काढता येई. खात्रीसाठी मात्र पाणथरीत सुई घालून परजीवी पाहावे लागत, आणि त्यात रक्तस्रावाचा धोका असे. या रोगात रक्तद्रवातील ग्लोब्युलिन फार वाढते. त्यावर आधारलेली एक साधी कसोटी ब्रह्मचारींनी तयार केली. रुग्णाच्या रक्तद्रवात ऊर्ध्वपातित पाणी मिसळल्यास साका तयार होतो, आणि तेवढ्यावरून संशय पक्का करता येतो.

यूरिया स्टिबामिन

१९१५ पासून भारतात या रोगावर टार्टार इमेटिक हे अँटिमनीचे संयुग शिरेतून दिले जाऊ लागले होते. ते गुणकारी होते, पण विषारी होते. उपचार लांबत आणि उलट्यांनी रुग्ण बेजार होत. ब्रह्मचारींनी अँटिमनीची सेंद्रिय संयुगे बनविण्याचा ध्यास घेतला. कॅम्पबेलमधील त्यांच्या लहानशा खोलीत ना वीज होती, ना गॅस, ना पाण्याचा नळ. कंदिलाच्या उजेडात त्यांचे काम चाले. तेथेच १९२० च्या सुमारास पॅरा-स्टिबॅनिलिक आम्लाचे यूरियाशी संयुग तयार झाले. चिकित्सकाजवळ रसायनशास्त्राची पक्की बैठक असणे त्या काळी दुर्मीळ होते, आणि येथे तीच कामी आली. १९२२ मध्ये रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. महिनोन्‌महिने चालणारा उपचार काही आठवड्यांवर आला आणि आसामात औषधाचा मोठ्या प्रमाणावर वापर होऊन मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. ताप जाऊन रुग्ण बरा झाल्यावरही काहींच्या त्वचेवर डाग व गाठी उठतात आणि त्यांत परजीवी सापडतात. असा रुग्ण हिंडता-फिरता असल्याने रोग टिकून राहण्यास कारण ठरतो.

१९२७ मध्ये ते सरकारी सेवेतून निवृत्त झाले. पुढे कारमायकल वैद्यकीय महाविद्यालयात ते उष्ण कटिबंधीय रोगांचे प्राध्यापक होते. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला, तर १९३६ मध्ये इंदूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. नोबेल पारितोषिकासाठी १९२९ मध्ये व नंतरही त्यांचे नाव सुचविले गेले, परंतु ते त्यांना मिळाले नाही. काळा आजार वालुमाशीच्या दंशातून पसरतो, हे १९४२ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. त्यानंतर चार वर्षांनी त्यांचे निधन झाले.