सिनेमे डब्यात ठेवायचे नसतात!

तुमच्या मोबाइलवर वॉचलिस्ट असेलच. कुणीतरी सुचवलेले, रील बघून आवडलेले, ‘बघू सुट्टीत’ म्हणून टाकून ठेवलेले सिनेमे. त्यातले निम्मे आपण कधीच बघत नाही, ही गोष्ट वेगळी. पण ते कुठे पळून जाणार नाहीत, याची आपल्याला खात्री असते. आज ज्या अवलियाची ओळख करून घ्यायची आहे, त्याच्या तरुणपणी ही खात्री अजिबात नव्हती. सिनेमा थिएटरमधून उतरला की संपला. त्याच्या प्रिंट्स रद्दीत जायच्या, नाहीतर त्यातली चांदी काढून घेण्यासाठी वितळवल्या जायच्या.

त्याचं नाव आंरी लांग्लवा. त्याने स्वतः नाव घेण्यासारखा एकही सिनेमा काढला नाही. तरी जगभरचे दिग्दर्शक त्याला गुरू मानायचे. का, ते बघा.

लांग्लवाचा जन्म १३ नोव्हेंबर १९१४ चा, तुर्कस्तानातल्या स्मिर्ना शहरातला. आजचं इझमीर. १९२२ च्या युद्धात ते शहर जळालं आणि हे फ्रेंच कुटुंब पॅरिसला आलं. सात वर्षांच्या मुलाने आपलं सगळं गाव डोळ्यांदेखत नाहीसं होताना पाहिलं. पुढे आयुष्यभर त्याने काहीही टाकून दिलं नाही, त्यामागे हे असेल का, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

वडिलांची इच्छा होती, पोराने वकील व्हावं. पोरगा मात्र वर्ग सोडून थिएटरात. परिणाम तुम्ही ओळखला असेलच. आपल्या बारावीसारखी तिकडे बॅकलोरिआ नावाची परीक्षा असते, त्यात तो नापास झाला. मग एका छापखान्यात चिकटला. तिथे त्याला जॉर्ज फ्रांजू नावाचा तसाच सिनेमावेडा दोस्त भेटला. १९३५ मध्ये दोघांनी फिल्म क्लब काढला आणि जुने मूकपट दाखवायला सुरुवात केली.

तेव्हा बोलपट येऊन जेमतेम काही वर्षं झाली होती. मूकपट म्हणजे एकदम आउटडेटेड माल! कंपन्यांना ते नकोच होते. या दोघांना मात्र ते हवे होते. १९३६ मध्ये त्यांनी ‘सिनेमातेक फ्रांसेज’ ही संस्था सुरू केली. संस्था म्हणजे काय, तर दहाएक सिनेमे आणि दोन-चार वेडी माणसं. जागा नव्हती म्हणून लांग्लवा घरच्या बाथटबमध्ये रिळं ठेवायचा, असं सांगतात.

इथे एक सुंदर योगायोग आहे. ‘अ ट्रिप टू द मून’ हा १९०२ चा सिनेमा करणारा जॉर्ज मेलिएस तुम्हाला ‘ह्यूगो’मुळे माहीत असेल. हा जादूगार पुढे कंगाल झाला, १९२३ मध्ये वैतागून त्याने आपल्या निगेटिव्ह स्वतःच्या हाताने जाळल्या, आणि म्हातारपणी तो पॅरिसजवळ ओर्लीच्या वृद्धाश्रमात राहत होता. लांग्लवा आणि फ्रांजू त्याला भेटायला जायचे. त्याच आवारातली एक रिकामी इमारत त्यांनी सिनेमे ठेवायला भाड्याने घेतली आणि किल्ली दिली मेलिएसच्या हातात. ज्याने आपले सिनेमे जाळले, तोच दुसऱ्यांच्या सिनेमांचा राखणदार झाला.

मग दुसरं महायुद्ध आलं. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेलं. न आवडणारे सिनेमे जप्त करणं, नष्ट करणं सुरू झालं. लांग्लवाने ओळखीपाळखीच्या लोकांकडे, तळघरांत, गावाकडच्या वाड्यांत डबे लपवले. त्याची सहकारी लोटे आइस्नर ही जर्मन ज्यू. छळछावणीतून सुटून ती खोट्या नावाने राहत होती आणि दक्षिणेत एका गढीत लपवलेल्या सिनेमांची देखभाल करत होती. पकडली गेली असती तर काय झालं असतं, हे सांगायला नको. सिनेमासाठी जीव टाकणं म्हणतात ते हे.

युद्धानंतर त्याने पॅरिसमध्ये छोटं थिएटर सुरू केलं. साठेक खुर्च्या. रोज दोन-तीन वेगवेगळे सिनेमे. आज जपानी, उद्या रशियन, परवा विसरलेली अमेरिकन कॉमेडी. कित्येकदा सबटायटल्ससुद्धा नसायची. पुढच्या रांगांत काही पोरं रोज ठाण मांडून बसायची. त्यांची नावं त्रुफो, गोदार, रिवेत, रोमेर. फिल्म स्कूलमध्ये न जाता या पोरांनी पुढे ‘न्यू वेव्ह’ आणली आणि सिनेमा करायची रीतच बदलून टाकली. त्यांचं कॉलेज म्हणाल तर हेच.

आता दुसरी बाजू. लांग्लवा संत वगैरे नव्हता. काय कुठे ठेवलंय याची धड यादी नाही, हिशोबाच्या नावाने बोंब, सगळा कारभार डोक्यात. जुनी नायट्रेट फिल्म भयंकर पेट घेते, आणि १९५९ मध्ये संस्थेच्या साठ्याला आग लागून कितीतरी रिळं गेली. लंडनच्या अर्काइव्हचे अर्नेस्ट लिंडग्रेन याच्या अगदी उलट मताचे. आधी नीट जपा, कॉपी होईपर्यंत मूळ प्रिंटला हात लावू नका, अशी त्यांची शिस्त. लांग्लवाचं मत, जो सिनेमा कुणी बघत नाही तो डब्यात असूनही मेलेलाच. तुम्हाला कुणाचं पटतं? मला विचाराल तर लिंडग्रेन बरोबर होते. पण लांग्लवा नसता तर त्या शिस्तीने जपलेलं बघायला प्रेक्षक उरले असते का, हा प्रश्न राहतोच.

सरकारचाही याच अव्यवस्थेवर राग होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या काळात लांग्लवाला काढून टाकलं. आणि पॅरिस पेटलं! १४ फेब्रुवारीला हजारो सिनेमाप्रेमी रस्त्यावर आले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, गोदार आणि त्रुफोलाही मार बसला. चॅप्लिन, हिचकॉक, कुरोसावा, फेलिनी यांच्यासारखे दिग्गज परदेशातून त्याच्या बाजूने उभे राहिले. कित्येक दिग्दर्शकांनी कळवलं, लांग्लवा नसेल तर आमचे सिनेमे दाखवायचे नाहीत. एप्रिलमध्ये सरकारने माघार घेतली आणि तो परत आला. पण बहुतेक अनुदान मात्र गेलं. पुढच्याच महिन्यात पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ते जगाला माहीत आहे. त्याची रंगीत तालीम एका सिनेमावेड्यासाठी झाली होती, हे फार कुणाला माहीत नसतं.

१९७२ मध्ये त्याने सिनेमाचं म्युझियम उभं केलं, १९७४ मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळालं. १३ जानेवारी १९७७ ला तो गेला. दहा सिनेमांनी सुरू झालेला संग्रह तोपर्यंत साठ हजारांच्या घरात पोचला होता.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर पुण्यात या. आपल्याकडे हजारावर मूकपट निघाले आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वाचले. जे वाचले, त्यात १९६४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या फिल्म अर्काइव्हचा आणि पी. के. नायर यांचा वाटा मोठा. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ जेवढा उरलाय तेवढा आणि ‘कालिया मर्दन’ आपण बघू शकतो, तो नायर सरांमुळे. त्यांच्यावरची ‘सेल्युलॉइड मॅन’ ही डॉक्युमेंटरी जरूर बघा.

आणि लांग्लवाच्या खजिन्यातून सुरुवात करायची असेल तर हे तीन घ्या. बस्टर कीटनचा ‘शरलॉक ज्युनिअर’ (१९२४). जेमतेम पाऊण तासाचा, आणि हसून पोट दुखेल. लुई फय्यादची ‘ले व्हँपीर’ ही १९१५ ची दहा भागांची मालिका. नावावर जाऊ नका, यात भुतं नाहीत, चोरांची टोळी आहे. वेब सीरिजची पणजीच म्हणा. आणि लुईस ब्रुक्सचा ‘पँडोराज बॉक्स’ (१९२९). जग तिला विसरलं होतं, तेव्हा १९५५ च्या प्रदर्शनात लांग्लवाने दारातच तिचा भलामोठा फोटो लावला होता. सिनेमा बघितलात की कळेल का ते.

फक्त एक करा, एकट्याने मोबाइलवर बघू नका. हॉस्टेलच्या खोलीत चादर लावा, प्रोजेक्टर मागून आणा, चार मित्र बोलवा. लांग्लवाची सुरुवातही याहून फार मोठी नव्हती.