तंजावरचे सरफोजीराजे आणि व्हायोलिन

काशीत मणिकर्णिका घाटावर उभे राहिले असता मराठी माणसास प्रथम स्मरण होते ते अहिल्याबाई होळकरांचे, आणि ते उचितच आहे. परंतु त्याच गंगातीरी आलेल्या दुसऱ्या एका मराठी सत्ताधीशाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत. १८२० साली सुमारे ३००० माणसांचा लवाजमा घेऊन तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले काशीयात्रेस निघाले. काशीच्या पंचतीर्थीची सांगता मणिकर्णिकेच्या स्नानाने होते. इतर यात्रेकरू गंगेचा गडू भरून परततात; या राजाने घाटांची चित्रे काढवून घेतली आणि आपल्या ग्रंथालयासाठी पोथ्या जमविल्या.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. तुळजाराजांनी त्यांना १७८७ साली दत्तक घेतले. पण गादी बळकावली ती चुलते अमरसिंहांनी. श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली मुलगा वाढला, शिकला. १७९८ साली राज्य मिळाले आणि पुढच्याच वर्षी कंपनीशी झालेल्या तहाने ते गेलेही. हाती उरला किल्ला आणि किताब. या तहाबद्दल त्यांना दोष देणारे आहेत. दुसरा कोणता मार्ग त्यांना मोकळा होता, हे मात्र आम्हांस दिसत नाही. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास त्यांनी १८०३ साली मराठीत कोरविला, तो भर तमिळ मुलखात!

त्यांच्या दरबारी पाश्चात्य वाद्यवृंद होता, आणि वराहप्पय्यर व वडिवेलू यांच्यासारखे व्हायोलिनवादकही. युरोपात बरोक काळी हे वाद्य गळ्याशी वा छातीशी टेकवून वाजवीत. हनुवटीची टेकण १८२० च्या सुमारास आली. त्यामुळे डाव्या हातास वाद्य तोलावयाचे आणि बोटेही चालवावयाची. हात वर नेणे त्यातल्या त्यात सोपे. खाली आणताना वाद्य निसटू पाहे. तारा तातीच्या, गज बाहेरच्या अंगास किंचित वाकलेला आणि टोकाशी हलका, म्हणून स्वर उमटे आणि आपोआप विरे. कर्नाटक संगीताच्या वादकांनी मांडी घातली, वाद्याची एक बाजू छातीशी आणि टोक उजव्या पावलाशी टेकविले. डावा हात मोकळा झाला आणि गमकांना वाट मिळाली. वाद्य तेच, बैठक आपली. (आमची मुले शाळेत व्हायोलिन उभ्याने शिकतात आणि मंडळाच्या मैफलीत बैठकीचे वादन पाहून चकित होतात.)

सरफोजी ७ मार्च १८३२ रोजी निवर्तले. वडिवेलू त्रावणकोरला स्वाती तिरुनाळांच्या आश्रयास गेले. १८३४ साली त्या राजाने त्यांना हस्तिदंती व्हायोलिन बहाल केले. तंजावरचे उरलेसुरले राज्य १८५५ साली कंपनीने खालसा केले. काशीच्या घाटांची चित्रे मात्र टिकून राहिली.