हिज्कीया राजा

यहूदाच्या गादीवर दाविदाच्या वंशांतले जे राजे बसले, त्यांचीं चरित्रें लिहिणाऱ्या शास्त्रलेखकानें प्रत्येकाच्या नांवापुढें एक लहानसा शेरा लिहून ठेविला आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकांत असतो तसाच. बहुतेकांच्या वांट्यास आलेला शेरा वाईट आहे, आणि ज्या थोड्यांचा चांगला आहे त्यांच्याहि शेऱ्यास कोठें तरी एक परंतु लागलेला आहे. हिज्कीयाविषयीं मात्र तो लिहितो कीं, परमेश्वरावर भाव ठेवण्यांत त्याच्या तोडीचा राजा यहूदांत त्याच्या आधीं झाला नाहीं व मागूनहि झाला नाहीं. इतकें लिहून तोच लेखक ह्या राजानें मंदिराच्या दारांचें सोनें खरवडून शत्रूस दिलें व परक्या वकिलांपुढें खजिन्याचा डौल मिरविला, हेंहि सांगावयास कचरत नाहीं. अश्शूरच्या राजांनीं आपले पराक्रम दगडांवर व विटांवर कोरविले आहेत. त्यांत त्यांचा स्वतःचा पराभव शोधूं गेल्यास सहसा सांपडावयाचा नाहीं. इस्राएलाच्या लेखकांची रीत निराळी होती, आणि म्हणूनच हिज्कीया आपणांस मूर्तीसारखा न दिसतां माणसासारखा दिसतो.

त्याचा बाप आहाज. त्याच्या कारकीर्दींत अरामाचा व इस्राएलाचा असे दोन राजे एक होऊन यरुशलेमावर चालून आले, तेव्हां यशया संदेष्टा त्यास वरच्या तळ्याच्या नळापाशीं, परिटाच्या शेताच्या सडकेवर जाऊन भेटला आणि न भितां स्वस्थ राहण्याविषयीं त्यास परोपरीनें सांगूं लागला. आहाजानें तें मनावर घेतलें नाहीं. त्यानें मंदिरांतलें व राजवाड्यांतलें सोनें-रुपें गोळा करून अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर ह्याजकडे पाठविलें आणि त्याचें मांडलिकत्व पत्करिलें. पुढें दिमिष्कास त्याच्या भेटीस गेला असतां तेथील वेदी आवडली म्हणून तशीच यरुशलेमांत करविली, स्वतःच्या पुत्राचा अग्नींत होम केला, आणि शेवटीं परमेश्वराच्या मंदिराचे दरवाजेच लावून टाकिले. परिटाच्या शेताची ती जागा वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे. अशा घरांत हिज्कीया वाढला. त्याच्या आईचें नांव अबी. तिच्याविषयीं शास्त्रांत तिच्या बापाच्या नांवापलीकडे कांहीं लिहिलेलें नाहीं. परंतु अशा बापाच्या पोटीं असा मुलगा कसा निपजला ह्याचा विचार करूं लागलें म्हणजे त्या माउलीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

पंचविसाव्या वर्षीं तो गादीवर बसला. तें वर्ष नक्की कोणतें, ह्याविषयीं विद्वानांत दोन पक्ष आहेत. शोमरोनाचा पाडाव त्याच्या सहाव्या वर्षीं व सन्हेरीबाची स्वारी चौदाव्या वर्षीं झाली असें शास्त्रांत आहे. परंतु पहिली गोष्ट इ. स. पूर्वीं ७२२ च्या सुमाराची व दुसरी ७०१ ची ठरत असल्यामुळें दोहोंचा मेळ बसत नाहीं. म्हणून कोणी त्याच्या राज्याचा आरंभ ७२७ च्या सुमारास धरितात, तर कोणी ७१५ च्या. तो वाद त्यांच्यावर सोंपवून आपण पुढें जाऊं.

राज्याच्या पहिल्याच वर्षाच्या पहिल्याच महिन्यांत त्यानें मंदिराचे दरवाजे उघडविले. आंत सांचलेली घाण काढून किद्रोन ओहोळांत नेऊन टाकण्यास याजकांस व लेव्यांस सोळा दिवस लागले. डोंगरांवरचीं उच्च स्थानें त्यानें मोडलीं, दगडी स्तंभ फोडले. येथपर्यंतचें काम परकीय दैवतांविरुद्ध होतें व तें करण्यास मुख्यतः धैर्य लागलें. परंतु पुढचें काम त्याहून अवघड होतें. रानांत सर्पदंशानें लोक मरत असतां मोशेनें केलेला पितळी सर्प त्या काळापर्यंत जपून ठेविलेला होता. तो मोशेच्या हातचा, सातशें वर्षें नव्हे तरी कित्येक शतकें जुना, आणि एके काळीं ज्याकडे पाहून लोक वांचले असा; पण आतां लोक त्यापुढें धूप जाळूं लागले होते. हिज्कीयानें त्याचे तुकडे केले. वाईट वस्तु मोडणारे राजे पुष्कळ झाले. एके काळीं चांगली असलेली वस्तु वाईट झाल्याचें ओळखून तिजवर हात टाकणारा विरळा.

मग त्यानें वल्हांडण सण करण्याचें ठरविलें, आणि दानापासून बैर-शेब्यापर्यंत जासूद धाडून उत्तरेकडील वंशांसहि बोलाविलें. त्यांत बहुतेक ठिकाणीं जासुदांची टवाळी झाली. तथापि आशेर, मनश्शे, जबुलून ह्या वंशांतले कांहीं लोक नम्र होऊन आले. त्यांतील पुष्कळांनीं नियमाप्रमाणें शुद्धि केलेली नव्हती व तसेच ते पंक्तीस बसले. कडक शिस्तीचा राजा असता तर त्यानें त्यांस उठविलें असतें. हिज्कीयानें त्यांच्यासाठीं प्रार्थना केली. मला वाटतें, सर्प फोडणारा हात व ही प्रार्थना करणारें तोंड एकाच माणसाचें होतें, ह्यांत त्याचा खरा मोठेपणा आहे.

संदेष्ट्यांचें ऐकण्याचा गुणहि त्याच्या अंगीं होता. मोरेशेथ गांवचा मीखा ह्यानें यरुशलेमाची नांगरट होईल व मंदिराच्या टेकडीवर रान माजेल असें उघड सांगितलें. असें बोलणाऱ्याचें तोंड बंद करणें कोणत्याहि राजास सोपें होतें. हिज्कीया भ्याला, पण मीखास नव्हे, परमेश्वरास. आणि त्यानें दयेची याचना केली. शंभर वर्षांनीं यिर्मया संदेष्ट्याच्या जिवावर बेतलें, तेव्हां देशांतील कांहीं वडील मंडळींनीं हाच दाखला देऊन त्याची बाजू घेतली.

शोमरोन पडल्यावर उत्तरेकडील लोक जीव घेऊन दक्षिणेस आले असावेत, कारण त्या सुमारास यरुशलेम नगर पश्चिमेच्या टेकडीवर एकदम वाढल्याचें उत्खननांत दिसून आलें आहे. ह्या वस्तीभोंवतीं सुमारें सात मीटर रुंदीचा तट बांधण्यांत आला. १९७० च्या सुमारास त्याचा एक भाग नाहमान अविगाद ह्या संशोधकास सांपडला; तो चक्क घरांच्या पायांवरून गेलेला आहे. तटासाठीं लोकांचीं घरें पाडल्याचा उल्लेख यशयाच्या ग्रंथांत आहेच.

अश्शूरचा राजा सार्गोन इ. स. पूर्वीं ७०५ त रणांत पडला व चोहोंकडे मांडलिक राजे उठले. हिज्कीयानेंहि खंडणी बंद केली. पलेशेथ देशांतील एक्रोन नगराच्या लोकांनीं अश्शूरशीं इमान राखणारा आपला राजा पादी ह्यास बेड्या घालून हिज्कीयाच्या स्वाधीन केलें, असें अश्शूरी लेखांत आहे. दरबारांत मिसराच्या मदतीवर भिस्त ठेवणारा एक पक्ष होता. यशयानें त्या पक्षाचा कडकडीत निषेध केला. त्याचें म्हणणें असें कीं, मिसराचे घोडे मांसाचे आहेत, आत्म्याचे नाहींत. हिज्कीयानें ह्या वेळीं त्याचें पुरतें ऐकिलें नाहीं.

वेढ्याच्या तयारींतील त्याचें एक काम आजहि पाहावयास मिळतें. नगराला पाणी पुरविणारा गीहोन झरा तटाबाहेर होता. तो बाहेरून बुजवून पाणी खडकाच्या पोटांतून नगराच्या आंत शिलोहाच्या तळ्यांत आणण्यासाठीं त्यानें ५३३ मीटर लांबीचा बोगदा खणविला. सरळ अंतर सुमारें सव्वातीनशें मीटर. पण बोगदा नागमोडी गेला आहे. दोन टोळ्यांनीं दोन टोंकांकडून खणीत येऊन खडकाच्या पोटांत एकमेकांस गांठलें, आणि एवढ्या लांबींत पाण्याच्या वाटेचा उतार अवघा फूटभर! होकायंत्र नसतां हें कसें साधलें ह्याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. १८८० सालीं यरुशलेमांत कॉनराड शिक ह्या जर्मन मिशनरी गृहस्थाच्या एका विद्यार्थ्यास ह्या बोगद्याच्या पाण्यांत खेळत असतां भिंतीवर अक्षरें दिसलीं. तो सहा ओळींचा इब्री लेख निघाला. दोन टोळ्यांमध्यें तीन हात खडक उरला असतां पलीकडच्या माणसांचा आवाज अलीकडच्यांस कसा ऐकूं आला, कुदळीस कुदळ कशी भिडली आणि पाणी बाराशें हात कसें वाहिलें, हें त्यांत आनंदानें वर्णिलें आहे. राजाचें नांव त्यांत नाहीं. कामकऱ्यांनींच तो कोरला असावा असें वाटतें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत गिलाव्यांतील वनस्पतींच्या अवशेषांवरून बोगद्याचा काळ इ. स. पूर्वीं ७०० च्या आसपासचा ठरला.

ह्या कामावरहि यशया संतुष्ट नव्हता. घरें मोजलीं, तळीं बांधिलीं, शस्त्रागार तपासलें. परंतु ज्यानें हें फार पूर्वीं योजिलें त्याकडे कोणी पाहिलें नाहीं, अशी त्याची तक्रार होती. पाण्याची सोय करणें हा कांहीं अपराध नव्हे, असें आपणांस वाटतें; आणि तें बरोबरहि आहे. यशयास खटकलें तें खणणें नव्हे, विसरणें.

इ. स. पूर्वीं ७०१ त सन्हेरीब आला. त्यानें यहूदाचीं ४६ तटबंदीचीं नगरें घेतल्याचें व २,००,१५० माणसें नेल्याचें आपल्या लेखांत नोंदविलें आहे. ज्या अष्टपैलू नसून सहापैलू अशा मातीच्या स्तंभावर तो लेख आहे, त्यांपैकीं एक १८३० सालीं निनवे येथें सांपडला व लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. त्याच संग्रहालयांत लाखीश नगराच्या वेढ्याचीं कोरीव दृश्यें आहेत: चढणीवरून रेटलेलीं यंत्रें, तटावरून पडणाऱ्या मशाली, आणि वेशींतून बाहेर पडणारीं कुटुंबें, बैलगाडीवर बोचकीं, वर मुलें बसलेलीं. राजाच्या बंडाचें मोल ह्या लोकांनीं दिलें.

हिज्कीयाचा धीर खचला. त्यानें लाखीशास निरोप पाठवून आपली चूक कबूल केली व मागाल तें देतों म्हणून कळविलें. ३० किक्कार सोनें ठरलें, ही संख्या दोन्हीकडील लेखांत एकच आहे; रुपें शास्त्राप्रमाणें ३०० किक्कार व सन्हेरीबाप्रमाणें ८००. तें भरण्यासाठीं मंदिराच्या दारांस व खांबांस हिज्कीयानें स्वतः मढविलेलें सोनें त्यानें स्वतःच काढून दिलें. सोळा दिवस खपून ज्यानें तें मंदिर झाडून घेतलें होतें, त्याच्यावर ही वेळ आली. आणि बाप आहाज व मुलगा हिज्कीया ह्यांच्यांत त्या दिवशीं फारसें अंतर उरलें नाहीं.

खंडणी घेऊनहि शत्रु परतला नाहीं. त्याचा सरदार रब्शाके सैन्यासह येऊन उभा राहिला तो नेमका वरच्या तळ्याच्या नळापाशीं, परिटाच्या शेताच्या सडकेवर. हिज्कीयाच्या कारभाऱ्यांनीं त्यास अरामी भाषेंत बोलण्याची विनंती केली; तटावरच्या लोकांस कळूं नये हा हेतु. तो धूर्त मनुष्य अधिकच मोठ्यानें यहूदी भाषेंत लोकांसच बोलूं लागला. मिसर म्हणजे मोडका बोरू, टेंकाल तर हातांत शिरेल; उच्च स्थानें मोडून तुमच्या राजानें आपल्या देवालाच दुखविलें आहे; आजवर कोणत्या देशाच्या देवानें अश्शूरापासून देश राखिला, असें त्याचें बोलणें. त्यांतील मिसराविषयींचें बोलणें यशयाच्याच तोंडीं शोभण्यासारखें होतें! लोक राजाज्ञेप्रमाणें अवाक्षर बोलले नाहींत.

ह्या वेळीं हिज्कीयानें बापाची वाट सोडली. अंगावरचीं वस्त्रें फाडून, गोणताट नेसून तो मंदिरांत गेला व यशयाकडे माणसें पाठविलीं. पुढें सन्हेरीबाचें धमकीचें पत्र आलें, तें त्यानें घेऊन परमेश्वरापुढें पसरलें. सोन्याविणें उघड्या पडलेल्या त्या दारांतूनच तो आंत गेला असेल. यशयाचें उत्तर आलें कीं, शत्रु ह्या नगरांत बाणसुद्धां मारणार नाहीं. त्या रात्रीं अश्शूरी छावणींत एक लक्ष पंचायशीं हजार मेले असें शास्त्र सांगतें. सन्हेरीबाचा लेख ह्याविषयीं मुका आहे. हिज्कीयास पिंजऱ्यांतील पक्ष्यासारखें कोंडल्याची फुशारकी त्यांत आहे, पण पिंजरा उघडून पक्षी हातीं घेतला असें त्यासहि लिहितां आलें नाहीं. तो निनव्यास परतला व इ. स. पूर्वीं ६८१ त पोटच्या मुलाच्या कटांत मारला गेला.

ह्याच धामधुमीच्या काळांत, बहुधा स्वारीच्या थोडें आधीं, हिज्कीयास गळूं होऊन तो मरणास टेंकला होता. यशयानें येऊन घरची निरवानिरव करण्यास सांगितलें. राजानें भिंतीकडे तोंड फिरविलें आणि तो फार रडला. यशया मधल्या चौकांतून बाहेरहि पडला नव्हता तोंच त्यास परत जाण्याची आज्ञा झाली: पंधरा वर्षें वाढवून मिळालीं. अंजिरांचा लेप लाविला, गळूं बरें झालें, आणि खूण म्हणून आहाजाच्या पायऱ्यांवरील छाया दहा पायऱ्या मागें हटली.

बरें वाटल्याचें ऐकून बाबेलचा मरोदख-बलदान ह्यानें वकील व नजराणा पाठविला. तोहि अश्शूरचा वैरी. विचारपूस हें निमित्त. हिज्कीया भुलला. सोनें, रुपें, सुगंधी द्रव्यें, शस्त्रागार, जें जें होतें तें तें त्यानें त्यांस दाखविलें. मग यशया आला व साधे प्रश्न विचारूं लागला: हे कोठून आले, काय म्हणाले, यांनीं घरांत काय पाहिलें? राजानें कांहींएक लपविलें नाहीं. तेव्हां त्यास कळविण्यांत आलें कीं, हें सर्व एके दिवशीं बाबेलास जाईल व त्याचे वंशज तेथील राजवाड्यांत चाकर होतील. हिज्कीयानें हा निवाडा मुकाट्यानें चांगला म्हणून मान्य केला. कारण आपल्या हयातींत तरी शांतता राहील, एवढेंच त्यानें पाहिलें. पत्र पसरणाऱ्या राजाचें हें बोलणें वाचून वाईट वाटतें. आपल्या दुखण्यांत तो रडला होता. नातवंडांच्या बेड्या ऐकून त्याच्या डोळ्यांस पाणी आलें नाहीं. इ. स. पूर्वीं ५८६ त नबुखद्नेस्सराच्या सैन्यानें यरुशलेम जाळलें.

हिज्कीया मेला तेव्हां सर्व यहूदानें त्याचा सन्मान केला व दाविदाच्या वंशजांच्या कबरस्थानांतील वरच्या भागीं त्यास ठेविलें. त्याच्या नांवाचा, नखाएवढ्या मातीच्या गोळ्यावर उठलेला शिक्का मंदिराच्या टेकडीजवळील खणतींत २००९ सालीं निघाला व २०१५ सालीं वाचला गेला. त्यावर नांवाबरोबर बापाचेंहि नांव आहे, आणि मध्यें पंख खालीं वळलेलें सूर्यबिंब आहे.

त्याच्या मागून त्याचा मुलगा मनश्शे गादीवर बसला. त्या वेळीं तो बारा वर्षांचा होता. म्हणजे भिंतीकडे तोंड करून मागून घेतलेल्या त्या पंधरा वर्षांतच त्याचा जन्म झाला होता. त्यानें पंचावन्न वर्षें राज्य केलें, आणि बापानें मोडलेलीं उच्च स्थानें पुनः बांधिलीं.