कै. ताराबाई मोडक

जळगांव व धुळें या जिल्ह्यांतील कोणत्याही खेड्यांत सकाळीं गेलें असतां तीन-चार वर्षांचीं मुलें एकत्र बसून गाणीं म्हणतांना दिसतात. त्या स्थळास आपण अंगणवाडी म्हणतों. शाळा आणि अंगण यांचा हा मेळ ज्यांनीं घातला, त्या कै. ताराबाई मोडक यांचा परिचय प्रत्येक विद्यार्थ्यास असावा.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालीं झाला. स्त्रीशिक्षण लोकांस खटकत असे त्या काळीं, १९१४ सालीं, त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढें राजकोट येथील अध्यापिका-विद्यालयाचें प्राचार्यपद त्यांस लाभलें. परंतु शिक्षणाचा पाया बालपणींच घातला पाहिजे, अशी त्यांची खात्री झाली. म्हणून तें मानाचें पद सोडून १९२३ सालीं त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत गेल्या. १९३६ सालीं त्यांनीं दादर येथें शिशुविहार स्थापिला.

शहरांतील बालमंदिरें चांगलीं चाललीं. पण गरिबांच्या मुलांचें काय? हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देईना. १९४५ सालीं त्या समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या. तेथें अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. महागड्या साधनांऐवजीं शंख-शिंपले, खडे, बिया व पानें हींच मुलांचीं खेळणीं झालीं. तरीही वस्तींतील मुलें शाळेंत येईनात. तेव्हां ताराबाईंनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली.

१९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींमध्यें गेलें. थोरली बहीण शाळेंत आली, तर तान्ह्या भावास कोणीं सांभाळावें? त्यांनीं पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालविली. भाऊ पाळण्यांत निजे, बहीण अक्षरें गिरवी.

१९६२ सालीं त्यांस पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ सालीं त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनीं सरकारनें बालविकासाची देशव्यापी योजना सुरू केली व तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव दिलें. अशा रीतीनें बोर्डीचें अंगण सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोहोंचलें.

मेंदूची वाढ आयुष्याच्या पहिल्या कांहीं वर्षांतच सर्वांत झपाट्यानें होते. यास्तव विद्यार्थीमित्रांनो, ग्रंथालयांतून एखादें चित्रांचें पुस्तक घरीं न्या, धाकट्या भावंडास मांडीवर घ्या आणि रोज घटकाभर त्याच्याशीं बोला. पालकांनींही हें करावें. ताराबाईंचें खरें स्मारक तेंच होय.