शाळा मुलांच्या दारी नेणाऱ्या ताराबाई मोडक

प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गात मूल पाऊल टाकते, तेव्हा त्याच्या गाठीशी आज बहुधा दोन-तीन वर्षांची शिदोरी असते. बालवाडीत ते गाणी म्हणते, मातीकाम करते, मणी ओवते, गोष्टी ऐकते आणि मग अक्षरांकडे वळते. हा क्रम आता आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो, की तो कोणी घालून दिला असेल, याचा विचारही मनात येत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र सहा-सात वर्षांचे मूल घरातून थेट पाटी-पेन्सिल आणि छडीच्या राज्यात जात असे. त्याआधीच्या वयात शिकण्यासारखे काही असते, हे फारसे कोणाला मान्य नव्हते. महाराष्ट्रात हा विचार रुजविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत पद्मभूषण ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी येते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेर केळकरांचे. घरातील वातावरण प्रार्थनासमाजी, सुधारणावादी होते. मुलींनी चार बुके शिकावीत की नाही, याचाच जेथे वाद चाले, अशा त्या काळात ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे कृष्णाजी विनायक मोडक या वकिलांशी त्यांचा विवाह झाला आणि १९१५ मध्ये त्या अमरावतीस आल्या. रायपूरकरांना येथे एक गोष्ट आठवावीशी वाटेल. मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रशासनाखाली त्या काळी अमरावती आणि रायपूर ही दोन्ही शहरे येत असत. छत्तीसगडातील अनेक मराठी कुटुंबांची पाळेमुळे ज्या विदर्भात आहेत, त्याच भूमीत ताराबाईंच्या संसाराचा आरंभ झाला.

तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाली. पदरी लहान मुलगी, सोबत शिक्षण आणि स्वतःच्या हिमतीवर उभे राहण्याचा निर्धार, एवढेच भांडवल घेऊन ताराबाईंनी वऱ्हाड सोडला. त्यांच्या जीवनातील या पर्वावर पुढे रत्नाकर मतकरी यांनी ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहिले. घटस्फोटित स्त्रीला समाजात मानाचे स्थान मिळणे दुरापास्त असताना त्या राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. पद प्रतिष्ठेचे होते आणि उपजीविकेची चिंताही मिटली होती.

परंतु त्याच सौराष्ट्रात, भावनगर येथे, एक निराळाच प्रयोग आकाराला येत होता. नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका हे वकिली सोडून आलेले शिक्षक काम करीत होते. मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांनी भारावून जाऊन त्यांनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू केले होते. मुलांवर त्यांची इतकी माया होती, की लोक त्यांना कौतुकाने मिशाळ आई म्हणत. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि १९२३ च्या सुमारास त्या या बालमंदिरात दाखल झाल्या. नियमित वेतनाच्या मानाच्या पदावरून अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या घोळक्यात जाऊन बसणे, हा निर्णय त्या काळी अनेकांना अव्यवहार्य वाटला असल्यास नवल नाही. त्यांच्या जीवनाची दिशा मात्र तेथेच निश्चित झाली.

बालमंदिरातील दिवस कसा जात असे, हे आजच्या पालकांनीही जाणून घेण्यासारखे आहे. तेथे शिक्षा नव्हती, तसेच बक्षीसही नव्हते. भीतीने शिकलेले जसे टिकत नाही, तसे लालचीने शिकलेलेही टिकत नाही, अशी त्यामागची धारणा होती. लहान-मोठे लाकडी दट्टे आपापल्या खाचेत बसविता बसविता मुलाच्या बोटांना आणि नजरेला आकारमानाचे ज्ञान होई. ठोकळ्यांचा मनोरा रचताना लहान-मोठ्याचा क्रम कळे. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविल्याने लेखणी हाती येण्यापूर्वीच अक्षराचे वळण हातात बसे. चूक झाली तर ती साधनच दाखवून देई. शिक्षिकेने रागावण्याचे कारणच उरत नसे. गिजुभाई आणि ताराबाई माँटेसरी पद्धतीच्या सांगाड्यावरच थांबले नाहीत. लोककथा, लोकगीते, नाट्य, मातीकाम, सहली यांची जोड देऊन त्यांनी ती पद्धत या मातीची केली.

हे तत्त्व बालमंदिराच्या वयापुरते मर्यादित नव्हते. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील कल्पित शिक्षक तर चौथीचा वर्ग घेऊन प्रयोग करतो आणि गोष्टी, खेळ, वाचनालय व स्वच्छता यांतून नेहमीच्या अभ्यासक्रमाकडे वळतो. हे पुस्तक हिंदीतून आपल्या प्रदेशातील शिक्षकांपर्यंतही पोहोचले आहे. वय वाढते तसे साधन बदलते. मूल स्वतः करून शिकते, हे सूत्र मात्र बदलत नाही.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि ताराबाई त्याच्या आधारस्तंभ बनल्या. ‘शिक्षण पत्रिका’ हे मासिक गुजरातीत निघत असे. १९३३ मध्ये ताराबाईंनी तिची मराठी आवृत्ती सुरू केली. ही घटना वरकरणी लहान दिसते, परंतु तिचे मोल मोठे आहे. एक मराठी स्त्री परभाषिक प्रांतात गेली, तेथील भाषा तिने आपलीशी केली, त्या भाषेत घडलेले उत्तम कार्य अंगी बाणविले आणि ते आपल्या मातृभाषेत आणून ओतले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला परप्रांतातील वास्तव्य ही उणीव वाटण्याचे कारण नाही. ते दोन भाषांमधील देवाणघेवाणीचे साधन होऊ शकते, हे ताराबाईंनी कृतीने दाखविले.

१९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. तेथे बालमंदिराबरोबरच शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचीही सोय झाली. सुशिक्षित मध्यमवर्गीय पालकांनी तिला चांगला प्रतिसाद दिला. कार्य नावारूपाला आले होते. १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले आणि त्यांच्यामागे या विचाराची धुरा मुख्यतः ताराबाईंवर आली.

कीर्ती लाभलेल्या याच टप्प्यावर त्यांना आपल्या कार्यातील एक वैगुण्य टोचू लागले. १९०७ मध्ये माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह रोमच्या गरीब वस्तीत उघडले होते. भारतात मात्र ती पद्धत महागड्या साधनांमुळे शहरातील सुस्थितीतील मुलांपुरती उरली होती. खेड्यातील, दलित वस्तीतील, आदिवासी पाड्यावरील मुलाला त्यातले काय मिळत होते? महात्मा गांधींच्या नई तालीमच्या विचारानेही हाच प्रश्न पुढे आणला होता. ज्याला बालशिक्षणाची सर्वाधिक गरज आहे, त्याच्यापर्यंत ते पोहोचत नसेल, तर त्या शिक्षणाचा डौल काय कामाचा, या विचाराने ताराबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा बिऱ्हाड हलविले.

१९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुण्यातील शिक्षिका अनुताई वाघ यांनी तेथे त्यांची साथ केली. बालवैधव्याचे दुःख पचवून शिकलेल्या अनुताई थोड्या काळासाठी म्हणून आल्या आणि जन्मभर राहिल्या. गुरू-शिष्येची ही जोडी महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात अजोड ठरली.

बोर्डीला बालवाडी उघडली, तरी सर्व मुले आपण होऊन आली नाहीत. दलित आणि आदिवासी वस्तीतील मुले गावातल्या शाळेची पायरी चढायला बिचकत. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ताराबाईंनी ठरविले. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात, झाडाच्या सावलीत मुलांना गोळा करून त्यांना न्हाऊमाखू घालणे, नखे कापणे, केस विंचरणे आणि मग गाणी-गोष्टी-खेळ, असा कार्यक्रम सुरू झाला. अंगणात भरते ती अंगणवाडी. मोलाच्या लाकडी साधनांची जागा शंखशिंपले, खडे, चिंचोके, बिया आणि पानाफुलांनी घेतली. शिंपल्यांची लहान-मोठी रांग लावता येते, चिंचोक्यांनी मोजता येते, पानांवरून आकार आणि रंग ओळखता येतात. यांपैकी कशालाही पैसा पडत नाही. शास्त्रीय दृष्टी तीच राहिली, फक्त साधने मुलाच्या अवतीभवतीची झाली.

१९५७ च्या सुमारास हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा वारली आदिवासींचा प्रदेश. सावकारी आणि वेठबिगारीने पिचलेल्या या लोकांनी १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला होता. अशा वस्तीत मूल म्हणजे घरचे कामाचे दोन हात. थोरली बहीण धाकट्या भावंडाला सांभाळी, भाऊ गुरे राखी. शाळेत जायचे तर ही कामे कोणी करायची? केवळ पालकांना उपदेश करून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नव्हते.

ताराबाई आणि अनुताईंनी शोधलेली उत्तरे आजही थक्क करतात. विकासवाडी या योजनेत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणण्यात आली. थोरल्या मुलीने कडेवरचे भावंड सोबत आणावे, तान्हे पाळणाघरात निजावे, मधले बालवाडीत रमावे आणि तिने स्वतः प्राथमिक वर्गात बसावे. एकाच कुटुंबातील तीन वयांच्या मुलांची तीन टप्प्यांची सोय झाली. बालवाडी आणि पहिली यांच्यामधली भिंतही त्यामुळे पडली, कारण मुलांना शाळा अपरिचित राहिली नाही. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक मुलांबरोबर कुरणात जाई. गुरे चरत, आणि तेथेच निरनिराळ्या वयांची मुले झाडांची, पक्ष्यांची, हिशेबाची आणि अक्षरांची ओळख करून घेत. मुलाच्या दिनक्रमाला धक्का न लावता शिक्षण त्यात बसविणे, हे कोसबाडचे वैशिष्ट्य होते. पुस्तकी मराठी या मुलांना परकी होती. त्यामुळे त्यांच्या बोलीला हसणाऱ्या नव्हे, तर ती समजून घेणाऱ्या शिक्षिकेचीच तेथे गरज होती.

या साऱ्या वाटचालीत ताराबाईंनी सार्वजनिक जीवनातही आपला वाटा उचलला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरच्या श्वासापर्यंत, हे कार्य पुढे नेले.

ताराबाईंच्या पश्चात दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव लाभले. आज छत्तीसगडच्या दूरच्या पाड्यावरही हा शब्द ठाऊक आहे. तो ज्या विचारासह बोर्डीच्या वस्तीत रुजला, त्याची आठवण मात्र थोड्यांनाच असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वय वर्षे तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, म्हणजे बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी एका सूत्रात गुंफली; निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिकवावे, असेही सुचविले. कोसबाडच्या टेकडीवर एका छताखाली जे घडत होते, त्याच दिशेने देश सहा दशकांनंतर वळला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेपुढे प्रश्न वेगळे असले, तरी त्यांचे मूळ तेच आहे. रायपूरचे मराठी मूल घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी ऐकते. शिवाय इंग्रजीचे आकर्षण पालकांना अस्वस्थ करते. तिसऱ्या वर्षीच मुलाने लिहावे, पहिलीत वही भरून यावी, असा आग्रह घरोघरी दिसतो. मातीत हात घालणारे, गोष्ट ऐकताना डोळे विस्फारणारे, बिया मोजणारे मूल वेळ दवडीत आहे, असे वाटू लागते. ताराबाईंचे आयुष्य या घाईला शांतपणे उत्तर देते. ते मूल पुढच्या सर्व इयत्तांचा पाया घालीत असते. घरची भाषा वर्गात आली, तर मूल धीटपणे बोलते. आणि जे मूल एका भाषेत धीटपणे बोलते, त्याला दुसरी भाषा शिकणे अवघड जात नाही.

वर्गखोल्या, बाके आणि फलक ही शाळेची आवश्यक अंगे आहेत. परंतु शाळा त्यांच्याशिवायही अंगणात भरली, कुरणात भरली आणि तेथे मुले शिकली, हा इतिहास आहे. आपल्या मुलाला शाळेच्या मापात बसविण्यापूर्वी शाळेने आणि घराने मुलाचे माप ध्यानात घ्यावे, एवढीच ताराबाईंची शिकवण आहे. ती आचरणात आणण्यासाठी धन लागत नाही. मुलापाशी बसण्याची सवड लागते. ही सवड काढणारे शिक्षक आणि पालक जोवर आहेत, तोवर मराठी शाळेच्या भवितव्याची काळजी करण्याचे कारण नाही.